मागच्या अंगणातली शेगडी

वाशी,
रविवार, १५ जानेवारी १९८४

प्रिय सुंदराताईंना, आणि हे पत्र ऐकायला तुमच्या ओट्यावर जमलेल्या सगळ्या बायांना, दुर्गाचा सप्रेम जयभीम.

बायांनो, तुमची-माझी तक्रार एकच आहे. धूर आपण खायचा आणि चवीची तारीफ दुसऱ्यांनी करायची. फुंकणी आपल्या तोंडाला, पाणी आपल्या डोळ्यांना, आणि ताट पुढे आलं की पुरुष मिशीवरून हात फिरवून म्हणणार, "चुलीवरची चव काही निराळीच!" राजेरजवाड्यांच्या मेजवान्यांची वर्णनं मी कितीतरी पुस्तकांत वाचली. बकरी किती कापली, पाहुणे कुठून आले, अत्तर कुठलं होतं, सगळं लिहिलेलं असतं. निखाऱ्यांपुढे कोण बसलं होतं, ते एकाही पुस्तकात सापडलं नाही.

आता सुंदराताई म्हणतील, दुर्गा पत्रातसुद्धा भाषण करते. करते. गेल्या वर्षी इथल्या महिला मंडळाच्या सभेत याच विषयावर बोलले. टाळ्या पडल्या आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या वसाहतीतल्या बायका गॅससाठी नंबर लावायला गेल्या. माझी पंचाईत त्या भाषणानेच केली आहे. आधी खुशाली सांगते, मग तुमचा सल्ला मागते.

माझी तब्येत चांगली आहे. शाळेत यंदा सहावीचा वर्ग मिळालाय, पोरं वांड आहेत पण प्रश्न विचारतात, म्हणून आवडतात. खाडीवरून गार वारा येतो, सकाळी शाल लागते. ताई, तुमचे गुडघे कसे आहेत? जिना चढू नका असं डॉक्टरांनी सांगितलंय आणि तुम्ही माळ्यावर चढून कांदे काढता, हे मला इथे बसून दिसतं.

एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवलेलं वालाच्या शेंगांचं गाठोडं मिळालं. दरवर्षी मिळतं. खोटं कशाला लिहू, तुमचा भाऊ, आपला गंगाराम, गेल्यापासून मी त्या शेंगा सोलून उसळच करत आले. पोपटी म्हणून लावली नाही. लग्न होऊन मी घरात आले तेव्हापासून मडकं तो भरायचा, जाळ तो करायचा, आपण बायकांनी नुसतं सुपापुढे बसून गरम शेंगा सोलायच्या. आपल्या घराण्यात आगीपुढे बसणारा तेवढा एक पुरुष निघाला होता. तो गेल्यावर मला वाटलं, आता कशाला.

यंदा गाठोडं सोडलं आणि पोपटीसाठी वर ठेवलेल्या भांबुर्डीच्या पाल्याचा वास सगळ्या खोलीत पसरला. तिथल्या तिथे ठरवलं, यंदा उसळ नाही. पोपटीच.

पण लावायची कुठे? माझ्या घरामागे छोटं अंगण आहे, सगळं सिमेंटचं. त्यावर उघडा जाळ केला तर सिमेंट तडकतं आणि राख उडून शेजाऱ्यांच्या पापडांवर बसते. म्हटलं, एकदाची शेगडीच करून घेऊ. चांगली मोठी. थंडीत पोपटी लागेल, एरवी बांगडे भाजता येतील, मंडळाच्या बायका जमतील. आणि टिकाऊ हवी. इथला वारा खारट आहे, पत्र्याची बादली दोन पावसाळ्यांत चाळणी होते. म्हणून तुर्भ्याच्या फजलभाईंना बोलावलं. उरणकडचे आहेत, लोखंडाचं काम करतात, माणूस गमत्या.

फजलभाई मापं घेत होते आणि मी जाळी कशी हवी ते सांगत होते, तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

"बाई, कोळशाची शेगडी करताय?"

हे शेजारचे भगवानराव. आमच्या दोघांच्या अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात ते सुरक्षा खात्यात आहेत, त्यामुळे जगात जिथे ठिणगी तिथे त्यांना अपघात दिसतो. बाकी त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

"हो, कोळशाची. का?"

"गेल्या साली सभेत मी मागच्या रांगेत होतो. 'ज्या दिवशी या वसाहतीतली शेवटची चूल विझेल, त्या दिवशी मी पेढे वाटीन,' असं तुम्हीच म्हणालात. मी टाळ्या वाजवल्या, बाई. हात दुखंस्तोवर वाजवल्या. आन आता तुम्हीच निखारे पेटवणार?"

"ते रोजच्या स्वयंपाकाबद्दल होतं."

"धुराला काय कळतंय, रोजचा का सणाचा?"

ताई, मी भल्याभल्या पुढाऱ्यांना चौकात गप्प केलंय. इथे मी फजलभाईंना म्हटलं, तुम्ही माप घ्या. फजलभाई टेप गुंडाळत म्हणाले, "ओ, गॅसची पण बनवून देतो, कोळशाची पण देतो. फक्त दोघं एकदम बोलू नका, माझं माप चुकतं."

तेव्हापासून आठवडाभर हाच वाद चाललाय. भगवानराव म्हणतात, नळीचं कडं करायचं, त्याला भोकं पाडायची, खालून गॅस, वरून जाळी. काडी लावली की पेटलं, चावी फिरवली की विझलं. राख नाही, ठिणगी नाही, डोळ्यांना पाणी नाही. मी म्हणते, माशाची चरबी त्या भोकांत गळणार, वरून हा खारा वारा, दोन वर्षांत निम्मी भोकं बुजणार. मग एका बाजूचा बांगडा कोळसा आणि दुसऱ्या बाजूचा कच्चा. आणि पंगत अर्ध्यावर असताना सिलिंडर संपला तर पाहुण्यांना काय, भाषण वाढू? बिडाची जाळी आणि विटांची शेगडी नातवंडांपर्यंत पुरते. यावर ते म्हणतात, नातवंडांची फुप्फुसं पण पुरायला हवीत. फजलभाई ज्याच्या घरी चहा पितात त्याच्या बाजूने बोलतात. आठवडाभर दोन्हीकडे चहा झाला, काम काही सुरू झालं नाही.

शेवटी मी म्हटलं, करून दाखवा. भगवानरावांनी खरंच नळी वाकवून कडं केलं, स्वतःचा सिलिंडर अंगणात आणला आणि आज सकाळी परीक्षा झाली. मंडळाच्या बायका पंच. बांगडे आधी भाजले. विरोधकाचं असलं तरी खरं ते खरं, बांगडे फार छान झाले. मग पोपटी. मडकं मी स्वतः भरलं. तळाला पाला, मग शेंगा, बटाटे, अंडी, ओवा आणि खडे मीठ, वर परत पाला कोंबून तोंड बंद. आपल्या रीतीप्रमाणे पाण्याचा थेंब नाही, आणि मडकं आचेवर उपडं ठेवायचं. ते भरलेलं मडकं मी कड्याशेजारी ठेवलं आणि पुढच्या खोलीत बांगडे खात बसलेल्या बायांना बोलवायला गेले.

परत आले तर मडकं उपडं नव्हतं. डाळ चढवावी तसं कड्यावर सरळ बसलेलं होतं, आणि वाफ येत होती. पोपटीतून कधी अशी वाफ येते का? वाशीगावच्या बयाबाई पुढे झाल्या, पाला उचलला आणि किंचाळल्या, "अगो बाय! पोपटीन पानी कोनी टाकला? ही पोपटी हाय का वालाची आमटी?"

भगवानराव तांब्या हातात घेऊन उभे! बिचाऱ्यांना वाटलं, बाई घाईत पाणी घालायच्या विसरल्या, मडकं करपेल. म्हणून माझ्यावर उपकार करायला मडकं कड्यावर चढवून भरलेला तांब्या ओतला होता. तेवढ्यात मडकं तडकलं, आमटी खाली, बर्नर विझला, आणि भगवानरावांनी झेप टाकून चावी बंद केली. तेवढं मात्र वाखाणण्यासारखं होतं.

आम्ही पोट धरून हसलो. बयाबाई तर भिंतीला टेकूनच बसल्या. मला वाटलं, आता हे चिडणार, दार लावून घेणार. तर ते म्हणाले, "आमच्या नांदेडकडं पाण्याबगैर काही शिजत न्हाई. माझी चूक झाली. बाई, आता शिकवा मला."

इतकी वर्षं मी पुरुषांशी वाद घालते आहे. हरल्यावर आवाज चढवणारे पाहिले, विषय बदलणारे पाहिले, निघून जाणारे तर खूप. "शिकवा" म्हणणारा...

असो. तर ताई, प्रश्न असा की शेगडी गॅसची करावी की कोळशाची? तुमचं मत शेवटचं मानीन. कार्डावर दोन शब्द लिहिलेत तरी चालेल. ओट्यावरच्या सगळ्यांची मतं घ्या आणि पालाही आणखी थोडा पाठवा, कारण या रविवारचा सगळा आमटीत गेला.

तुमच्या निकालाच्या ताबेदारीत,
दुर्गा

*

वाशी,
गुरुवार, ९ फेब्रुवारी १९८४

सुंदराताईंना सप्रेम जयभीम.

हे पत्र ओट्यावर वाचू नका. आधी एकट्याच वाचा.

तुमचं कार्ड आलं. पोस्टमनने ते देण्याआधी वाचलेलं होतं हे त्याच्या तोंडावरून कळत होतं. मी तुम्हाला बिडाची जाळी लिहिली, बर्नरची भोकं लिहिली, खारा वारा लिहिला. आणि तुम्ही गॅस नाही, कोळसा नाही, सबंध कार्डावर एकच ओळ लिहिलीत. "दुर्गा, हे भगवानराव कोण?"

ताई, तुम्ही घरीच अक्षरं गिरवलीत, शाळेत गेला नाहीत, हे सरकारचं नशीब. वकील झाला असतात.

तर सांगते. नांदेड जिल्ह्यातल्या एका खेड्यातले, आपल्यातलेच. नोकरीसाठी इकडे आले. बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली, मूलबाळ नाही. त्यांची आई चुलीपुढे खोकत खोकत गेली. म्हणून गॅसचा तो हट्ट. हे मला माहीत नव्हतं. मी आपली आठवडाभर त्यांना "नळीचे पुरस्कर्ते" म्हणून चिडवत होते. हे कळलं त्या दिवशी मी त्यांना सांगून टाकलं, शेगडी गॅसची करू या. तर म्हणाले, "आधी तुमच्या पद्धतीनं एकदा दाखवा. न बघता कसं ठरवायचं?"

तुम्ही कार्डामागून पाठवलेला पाला आला त्याच्या पुढच्या रविवारी फजलभाईंनी अर्धा कापलेला ड्रम आणून दिला आणि आम्ही दुसरी पोपटी लावली. मडकं मी भरलं, उपडं त्यांनी ठेवलं. भोवती पेंढा, काटक्या, शेणी. जाळ कुणी करायचा? मी पुढे सरसावले तर भगवानराव पाट घेऊन बसले सुद्धा. वारा नेमका त्यांच्याकडे. धुराने माणूस दिसेना, नुसता खोकला ऐकू येत होता.

मी म्हटलं, "सरका, मी बसते. तुम्हाला सवय नाही."

ते धुरातून म्हणाले, "सवय न्हाई म्हणूनच बसलोय. आमच्या आयला व्हती सवय."

ताई, माझ्या सबंध भाषणात जे मला नीट मांडता आलं नव्हतं ते त्या वाक्यात होतं. मी लाकूड, कोळसा, गॅस यांवर बोलत राहिले. खरा प्रश्न आगीपुढे कुणाला बसवलंय हा होता. मी दुसरा पाट आणला आणि शेजारी बसले. मंडळाच्या बायका बघत होत्या. बघू देत.

मडकं तापलं. मी सांगितलं, आता वर पाणी शिंपडा. त्यांनी घाबरत घाबरत चार थेंब टाकले. चर्र झालं आणि थेंब उडून गेले. "झाली," मी म्हटलं. मडकं उतरवून सुपात ओतलं, त्यांनी एक शेंग सोलली, दाणा तोंडात टाकला आणि उभे राहून ओरडले, "शिजलं! पाण्याबगैर शिजलं!" मग सूप घेऊन वसाहतीत दारोदार गेले. प्रत्येक दारात तेच. "घ्या, पाण्याबगैर शिजलंय." बयाबाई म्हणाल्या, "या मानसाला कोनीतरी आवरा, नायतर पनवेलपरत जाईल."

गंगाराम गेल्यानंतर मी इतकी हसले नव्हते. हे तुम्हाला लिहिताना हात थांबतो, पण थांबवत नाही.

निकाल कोळशाचा लागला. भगवानरावांनीच दिला, एका अटीवर. रोजचा स्वयंपाक गॅसवरच व्हायचा आणि शेगडीपुढे आळीपाळीने बसायचं. कोळसाही आधी पेटवून धूर जाऊ द्यायचा, मग जाळी ठेवायची. मला अट मान्य झाली. फजलभाईंनी आराखडा काढला. बाहेरून विटा, आत जाड लोखंडाची पेटी, वर निघणारी बिडाची जाळी. जाळी उचलली की मडकं बसेल आणि भोवती जाळ करायला जागा राहील.

आता हे शेवटचं.

परवाच्या रविवारी फजलभाई विटा घेऊन आले. माझ्या अंगणात पाण्याची टाकी आडवी येते, त्यांच्या अंगणात मोरी. फजलभाई इकडून मोजतात, भिंतीवरून उडी मारून तिकडून मोजतात. शेवटी घाम पुसत म्हणाले, "बाई, साहेब, ही एकदा बसली की परत हलायची नाही. आणि बसते ती बरोबर मधे. पण मधे तर ही भिंत हाय."

बयाबाई म्हणाल्या, "मग पाडा ना भित! येवढीशी तं हाय."

भगवानराव गंभीर झाले. त्यांना सगळ्या गोष्टी नियमाने लागतात. म्हणाले, "भिंत पाडली तर दोन घरं एक होतील. लोक विचारतील. त्यांना काय सांगायचं?"

आणि मी म्हटलं, "सांगा, लग्न करतोय."

ताई, शपथेवर सांगते, हे वाक्य मी तयार केलेलं नव्हतं. मी भाषणाला जाताना टिपणं काढते, आरशापुढे दोनदा म्हणते. हे आपलं तोंडातून निघालं. फजलभाईंच्या हातातला टेप सुटून सर्रकन आत गेला. बयाबाईंनी कपाळाला हात लावला, "मी तं कवाची वाट बघतंय!" भगवानरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बाई, हे भाषण होतं का निर्णय?"

"निर्णय."

"मग माझा पाठिंबा हाय," ते म्हणाले. आणि कानापर्यंत लाल झाले. या वयात!

हजार माणसांपुढे मी उभी राहिले आहे, एकही टिपण कधी फाडलं नाही. हे पान मात्र मी तीनदा फाडलं. विधवेने लग्न करावं की नाही यावर मी तासभर बोलू शकते, आणि कुणी विरोध केला तर आणखी तासभर. परवानगी मी कुणाची मागत नाही, तुमचीही मागत नाही. बायकांनी परवानग्या मागणं बंद करावं असं मी जन्मभर सांगत आले. तुम्हीही एका सभेला बसून मान हलवली होती.

माझी भीती निराळी आहे. मी गंगारामची बायको झाले म्हणून तुम्ही मला मिळालात. तो गेला तेव्हा लोकांनी तुम्हाला सांगितलं होतं, आता तिचा नि तुमचा काय संबंध. तुम्ही माझं सामान आपल्या घरात नेऊन ठेवलंत, मला डी.एड.ला घातलंत, माझ्या पहिल्या भाषणाला पुढच्या रांगेत बसून डुलक्या घेतल्यात. माझ्या माहेरी आता कुणी उरलं नाही. उद्या मी भगवानरावांची बायको झाले, तर तुम्ही माझ्या कोण? मी किती पुस्तकं वाचली आहेत, पण या नात्याला नाव कुठे वाचलेलं नाही. आणि नाव नाही म्हणून नातंच तुटलं, तर ही शेगडी, ही भिंत, हे सगळं मला फार महाग पडेल.

भगवानरावांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मग ताईंनाच विचारा. मी कोण सांगणार?" शहाणा माणूस आहे. तुम्हाला आवडेल. कांदे काढायला माळ्यावर चढू देणार नाही, एवढं लक्षात ठेवा. सुरक्षा खातं आहे.

लग्न रविवारी, २६ तारखेला, सकाळी, इथेच अंगणात. भिंत पाडून झाली आहे. बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे, बुद्धवंदना, दोन हार, मग जेवण. भगवानरावांकडून त्यांचे चुलते नांदेडहून येणार आहेत. वराकडची बाजू भरली. वधूकडून विचारतील, हिच्या बाजूने कोण? तिथे मला बयाबाई नको, मंडळाच्या अध्यक्षीण नकोत, शाळेचे हेडमास्तर नकोत. गंगारामच्या बहिणीने तिथे माझा हात धरून उभं राहावं, आणि मोठ्याने म्हणावं, "मी."

तेवढा एक शब्द. तुम्हाला भाषण येत नाही म्हणता ना? एवढं येतं.

कार्ड लिहू नका. शनिवारी, २५ तारखेला, सकाळची पनवेलची एसटी धरा. पनवेलच्या स्टँडवर मी उभी असेन.

तुमच्या माहेरपणाची हक्कदार,
दुर्गा